गळती वरची, ओल खालची

बाथरूमच्या गळतीचा त्रास ज्याला होतो त्याला ती थांबवता येत नाही, आणि ज्याला थांबवता येते त्याला ती दिसत नाही. त्यामुळे सोसायटीत भांडणं तावातावाने होतात आणि ऐकीव गोष्टी नियम म्हणून सांगितल्या जातात.

गैरसमज: डाग जिथे, गळती त्याच्या बरोबर वर.
वस्तुस्थिती: पाणी कोब्यातून झिरपत स्लॅबवर पसरतं आणि भेग सापडेल तिथून खाली उतरतं. म्हणून फोडाफोडीआधी तपासणी करावी. बाथरूम वापरात नसतानाही ठिबकणं चालूच राहिलं आणि वॉल्व्ह बंद केल्यावर हळूहळू कमी झालं, तर संशय भिंतीतल्या नळाच्या पाइपवर घ्यावा. अंघोळीनंतरच ठिबकणं वाढत असेल, तर जमीन, नहाणी ट्रॅप किंवा सांडपाण्याचा पाइप बघावा. ट्रॅप बंद करून जमिनीवर दिवसभर थोडं पाणी तुंबवून ठेवलं की दोष जमिनीचा आहे की नाही ते कळतं. मात्र खालच्यांना आधी सांगून ठेवावं.

गैरसमज: टाइल्सचे सांधे व्हाइट सिमेंटने भरले की गळती गेली.
वस्तुस्थिती: पाणी अडवायचं काम टाइल्सखालच्या वॉटरप्रूफिंगचं असतं. तो थर किंवा ट्रॅपभोवतीचा सांधा गेला असेल, तर वरवर सांधे भरून फार काळ निभत नाही.

गैरसमज: खालून प्लॅस्टर आणि रंग केला की झालं.
वस्तुस्थिती: पाणी स्लॅबमध्येच राहतं. सळया गंजून फुगतात आणि काँक्रीटचे तुकडे सुटतात. खालचं काम गळती थांबून स्लॅब सुकल्यावरच काढावं. छतातल्या दिव्यापाशी ओल असेल, तर त्याचा एमसीबी आधी बंद करावा.

गैरसमज: खर्च वरच्या-खालच्यांनी निम्मा-निम्मा करायचा.
वस्तुस्थिती: महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅटमधल्या संडास, सिंक वगैरेंच्या गळतीची दुरुस्ती संबंधित फ्लॅटधारकाने करायची असते. बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती मात्र संस्थेकडे येते. म्हणजे आधी उगम शोधायचा, मग बिलाचं बघायचं.

गैरसमज: ताबा दिला की बिल्डर मोकळा.
वस्तुस्थिती: रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो.

गैरसमज: वरचे दारच उघडत नसतील, तर काही करता येत नाही.
वस्तुस्थिती: फोटो जोडून सचिवांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. पूर्वसूचना देऊन फ्लॅटची पाहणी करण्याची तरतूद उपविधींत आहे. त्यानेही भागलं नाही, तर सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाता येतं. तिथे तारखा पडत राहतात आणि तोवर स्लॅब भिजतच असतो. म्हणून एकाच प्लंबरला दोन्ही घरं दोघांच्या समक्ष दाखवावीत. बहुतेक वाद तिथेच मिटतो.