मुक्त प्रवेशातील शोधनिबंध आणि परवान्याचा प्रश्न

शोधनिबंध वाचकांस विनामूल्य उपलब्ध झाला म्हणजे तो मुक्त झाला, अशी समजूत अभ्यासकांत रूढ आहे. ती अपुरी आहे. वाचण्याची मुभा आणि भाषांतर करून पुन्हा छापण्याची मुभा या दोन भिन्न गोष्टी होत. दुसरी मुभा परवान्याने मिळते. म्हणूनच संशोधनास अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्था परवान्याचा आग्रह धरतात. युरोपीय प्रकल्पांत सहलेखक म्हणून काम करणाऱ्या आपल्याकडील पाली अभ्यासकांचाही या अटींशी संबंध येतो. त्यांचे स्वरूप येथे स्पष्ट करीत आहोत.

युरोपातील अर्थसाहाय्य संस्थांनी सप्टेंबर २०१८ मध्ये 'प्लॅन एस' जाहीर केला व जानेवारी २०२१ पासून तो अमलात आला. ब्रिटनमधील यूकेआरआय या संस्थेचे धोरण १ एप्रिल २०२२ पासून प्रकाशनार्थ सादर झालेल्या निबंधांस लागू आहे. मानव्यविद्यांना साहाय्य देणारी एएचआरसी ही परिषद तिचाच भाग आहे. या धोरणात दोन मार्ग सांगितले आहेत. नियतकालिकाने अंतिम रूपच ताबडतोब खुले करावे, किंवा परीक्षणानंतर स्वीकृत झालेली संहिता लेखकाने संस्थेच्या भांडारात ठेवावी. दोन्ही मार्गांत विलंब चालत नाही, आणि सामान्यतः क्रिएटिव्ह कॉमन्सचा 'सीसी बाय' परवाना आवश्यक असतो.

या परवान्याने स्वामित्वहक्क नाहीसा होत नाही. मूळ लेखकाचे नाव देणे, परवान्याचा निर्देश करणे आणि केलेले बदल नमूद करणे, या अटींवर कोणासही निबंधाचे पुनर्मुद्रण, भाषांतर व विक्रीही करता येते. भाषांतरास लेखकाची संमती आहे असे भासविता येत नाही. विपर्यासाच्या भीतीने काही अभ्यासक रूपांतरास मनाई करणारा 'एनडी' परवाना पसंत करतात. यूकेआरआय तो केवळ अपवाद म्हणून, कारण पाहून मान्य करते. आमच्या मते ही मनाई विचारपूर्वकच मागावी. कारण तिच्यामुळे एखाद्या विहारातील अभ्यासमंडळास तोच निबंध स्वतंत्र परवानगीवाचून मराठीत प्रसिद्ध करता येत नाही.

पाली निबंधांत खरी अडचण येते ती इतरांच्या सामग्रीची. त्रिपिटकातील प्राचीन वचने कोणाच्या मालकीची नाहीत. परंतु आधुनिक भाषांतराचा दीर्घ उतारा किंवा ग्रंथालयाने दिलेले पोथीचे छायाचित्र यांवर दुसऱ्याचा हक्क असू शकतो. जो हक्क आपला नाही त्याचा परवाना आपण देऊ शकत नाही. अशी सामग्री परवान्यातून वगळल्याचे तिच्याखालीच लिहावे. यूकेआरआयच्या धोरणात यास वाव आहे. देशागणिक मुदतही बदलते. धर्मानंद कोसंबी १९४७ मध्ये निवर्तले. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क टिकतो, ब्रिटनमध्ये ७० वर्षे.

निबंध भांडारात ठेवण्याचा मार्ग पत्करल्यास, स्वीकृत संहितेस सीसी बाय परवाना लागू केल्याचे विधान निबंध सादर करतानाच लिहावे. प्रकाशकाचा करार त्यानंतर येतो. त्यात सर्व हक्क प्रकाशकास देण्याचे कलम असल्यास सही करण्यापूर्वीच हरकत घ्यावी. सही झाल्यावर लेखक दोन परस्परविरोधी वचनांत सापडतो.

धम्मदानाचे मोल ग्रहण करणाऱ्याने ते पुढे देण्यात आहे. परवाना ही त्या पुढल्या दानाची लेखी अनुज्ञा होय.