बारा नंबर बराकीतलं ऊन

खिशात पाचशेची नोट असेल तर काढा आणि टेबलावर सरळ ठेवा. लांबी १५ सेंटिमीटर, रुंदी ६.६. आता तिच्या टोकाला टोक लावून दुसरी ठेवा, मग तिसरी. आपल्याला अशा २६ कोटी नोटा मांडायच्या आहेत.

२६ कोटी कशासाठी? २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा बाहेर आला. मुंबईच्या फोर्टातली ब्रॅडी हाउस शाखा, आणि आकडा फुगत फुगत १३,००० कोटी रुपयांच्या पुढे. आरोप आहे नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी या भाच्या-मामांवर. १३,००० कोटी म्हणजे पाचशेच्या २६ कोटी नोटा.

चला, मांडू या. सीएसएमटीपासून रुळांच्या कडेकडेने निघू. दादर गेलं, ठाणं गेलं, कर्जत गेलं, घाट चढला, १९२ किलोमीटरवर पुणं आलं. ढिगाकडे बघा, जणू हातच लागलेला नाही! मागे फिरा. मुंबई. पुन्हा पुणं. पुन्हा मुंबई. २०३ वेळा हे अंतर तोडाल तेव्हा नोटा संपतील. ३९,००० किलोमीटर! विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे. म्हणजे अख्ख्या पृथ्वीला नोटांचा कमरपट्टा घातला, तर तो हजारभर किलोमीटरच तोकडा पडेल. नोट एक ग्रॅमची धरली तर वजन २६० टन, दहा टनी २६ ट्रक. सेकंदाला एक नोट मोजत बसलात, न जेवता, न झोपता, तर सव्वाआठ वर्षं!

आणि ज्याला परत आणायचंय तो माणूस किती? सत्तर किलो. विमानातली एक खुर्ची.

त्या एका खुर्चीच्या प्रवासाला कायद्यात प्रत्यार्पण म्हणतात. प्रति म्हणजे परत, अर्पण म्हणजे देणं. एका देशात गुन्ह्याचा आरोप असलेला, किंवा शिक्षा झालेला माणूस दुसऱ्या देशात सापडला, तर पहिल्याने रीतसर मागायचं आणि दुसऱ्याने आपल्या कोर्टात तपासून हवाली करायचं. मागितल्याशिवाय इलाज नाही, कारण सीमेपलीकडे आपला पोलीस कोणाचं मनगटही धरू शकत नाही. अटीही असतात. ते कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असलं पाहिजे, आणि ज्या गुन्ह्यांसाठी माणूस दिला त्यांच्यासाठीच खटला चालवायचा. हद्दपारी वेगळी. तिथं देश नको असलेल्या परक्याला बाहेर काढतो. इथं मागणारा असतो, देणारा असतो, आणि मधे कोर्ट असतं.

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३. प्रत्येकाने प्रत्येकाशी वेगळा करार करायचा म्हटलं तर किती? १८,५२८! नुसते हात मिळवायचे, सेकंदाला एक जोडी, तरी पाच तास लागतील. आणि खऱ्या करारात एकेका कलमावर वर्षं जातात. भारत आणि अमेरिकेचा आताचा प्रत्यार्पण करार तर १९९७ चा आहे, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षीचा.

पण ही देवघेव आजची नाही. किती जुनी, ते बघायला पुन्हा त्याच रुळांवर या. समजा सीएसएमटीचा बफर म्हणजे आज, आणि पुणे स्टेशन म्हणजे इजिप्तचा राजा दुसरा रामसेस आणि हित्ती राजा हत्तुसिली यांचा तह. इसवी सनापूर्वी सुमारे १२५९, म्हणजे जवळजवळ ३,२८० वर्षं. एका किलोमीटरला सतरा वर्षं पडतात. निघा. पहिलंच स्टेशन मस्जिद, तिथं २००५ साल आहे. भायखळा येता येता १९६२, आपला प्रत्यार्पण कायदा. घाटकोपर सोडलं की शिवराज्याभिषेक. दिव्याला ज्ञानेश्वरी लिहून होतेय. कल्याण, कर्जत मागे पडलं, इंजिनं घाट चढताहेत, आणि ऐन घाटात इसवी सन सुरू होतो! अजून लोणावळा यायचंय, तळेगाव यायचंय, पिंपरी-चिंचवड यायचंय. सत्तरेक किलोमीटर नुसतं चालत राहायचं, तेव्हा कुठे पुण्याच्या फलाटावर दोन राजे भेटतात आणि ठरवतात की तुझा पळालेला माझ्याकडे आला तर मी तुला परत देईन.

इथं जरा थांबावंसं वाटतं. कारण तहात आणखी एक ओळ आहे, आणि मला तीच सगळ्यांत मोठी वाटते. परत दिलेल्या माणसावर गुन्हा लादायचा नाही. त्याचं घर, बायका, मुलं नष्ट करायची नाहीत. त्याला मारायचं नाही. त्याचे डोळे, कान, तोंड, पाय यांना इजा करायची नाही. हे कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर कोरलेलं आहे, आणि हित्तींच्या राजधानीत मातीच्या पाट्यांवर सापडलं आहे. म्हणजे माणूस परत देताना शब्द मागून घ्यायचा, ही रीतही तेवढीच जुनी. देणारा माणूस देतो, घेणारा शब्द देतो.

आता मस्जिद स्टेशनावर परत या. २००५ चा नोव्हेंबर, पोर्तुगालहून अबू सालेम मुंबईत आणला गेला. त्याच्यावर आरोप होता १२ मार्च १९९३ चा: त्या दुपारी या शहरात बारा स्फोट झाले, २५७ माणसं गेली. लिस्बन ते मुंबई सरळ रेषेत आठ हजार किलोमीटर, ४२ वेळा मुंबई-पुणे. विमानाला एक रात्र पुरते. पण स्फोटांपासून तो इथं पोचेपर्यंत ४,६२७ दिवस गेले. त्यातले तीन वर्षांहून जास्त दिवस तो पोर्तुगालच्याच ताब्यात होता. पोर्तुगालमध्ये फाशी नाही, जन्मठेपही नाही. म्हणून डिसेंबर २००२ मध्ये उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी भारताचा शब्द दिला: फाशी नाही, आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही.

२५ वर्षं म्हणजे ९,१३१ दिवस. भागिले २५७. एका जिवामागे साडेपस्तीस दिवस.

हा भागाकार करताना माझा हात थांबला होता. मुंबईकर म्हणून तो बोचतो, आणि बोचायलाच हवा. तरी शब्द पाळलाच पाहिजे असं मी मनापासून मानतो. तो नसता तर सालेम लिस्बनहून हललाच नसता. २०१७ मध्ये जन्मठेप झाली. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की केंद्र सरकार त्या शब्दाला बांधलेलं आहे, आणि २५ वर्षं मोजायची ती १२ ऑक्टोबर २००५ पासून. त्याआधी २०१३ मध्ये, ज्या गुन्ह्यांसाठी त्याला दिलं होतं त्यांच्याबाहेरचे आरोप भारताने सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने मागेही घेतले होते. पुढच्या माणसासाठी ज्याच्या दारात उभं राहायचंय तो देश हे सगळं बघत असतो.

पुढचा माणूस होता तहव्वुर राणा. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, १० एप्रिल २०२५ ला तो दिल्लीत उतरला, म्हणजे ५,९७९ दिवस. सेकंद मोजा: ५१ कोटींच्या वर! लॉस एंजेलिस ते दिल्ली सुमारे १२,९०० किलोमीटर. अंतराला दिवसांनी भागा. रोज दोन किलोमीटरच्या किंचित वर. सीएसएमटीहून निघायचं, सॅण्डहर्स्ट रोडला पोचायचं, की दिवस संपला. अजून बारीक करा: सेकंदाला अडीच सेंटिमीटर. ओट्यावरून साखरेचा दाणा घेऊन निघालेली मुंगी साधारण याच चालीने जाते! २००९ मध्ये तो अमेरिकेतच पकडला गेला. तिथल्या खटल्यात मुंबईच्या कटाच्या आरोपातून सुटला, दुसऱ्या आरोपांखाली १४ वर्षांची शिक्षा झाली. २०२० मध्ये भारताच्या मागणीवरून पुन्हा अटक. मग एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नको, हा त्याचा मुद्दा एकेका कोर्टाची पायरी चढत गेला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या दारात संपला.

आणि आता आर्थर रोड. सात रस्त्याजवळचं ब्रिटिश काळातलं कारागृह. रस्त्याचं नाव केव्हाच साने गुरुजी मार्ग झालं, तुरुंग मात्र लोकांच्या तोंडी आर्थर रोडच आहे. नीरव मोदीला २०१९ च्या मार्चमध्ये लंडनमध्ये अटक झाली, आणि त्याला इथल्या बारा नंबर बराकीत ठेवू असं भारताने कळवलं. माणशी तीन चौरस मीटर जागा. चटई, उशी, चादर, ब्लँकेट. युरोपातलं मानवी हक्कांचं कोर्टही हाच तीन चौरस मीटरचा आकडा धरतं.

तीन चौरस मीटर म्हणजे आपल्या भाषेत बत्तीस चौरस फूट. ती टेबलावरची नोट उचला आणि या फरशीवर पसरायला घ्या. एकाला एक लावून किती मावतील? ३०३. फक्त दीड लाख रुपये! उरलेल्या २६ कोटी? त्यांच्यावरच रचा. थरावर थर, साडेआठ लाख थर. नोट एक दशांश मिलिमीटर जाड धरली तर ८५ मीटर. बत्तीस चौरस फुटांच्या पायावर अठ्ठावीस मजली मनोरा! छत फोडून, भिंती ओलांडून, सात रस्त्याच्या नव्या टॉवरांच्या खांद्याला खांदा लावून उभा!

लंडनच्या कोर्टात वाद मात्र नुसत्या मनोऱ्यावर नव्हता, खालच्या फरशीवरही होता. ही बराक तिथं आधीच पोचली होती. २०१८ मध्ये विजय मल्ल्यांच्या खटल्यात, साधारण ९,००० कोटींच्या कर्जाचं प्रकरण, वेस्टमिन्स्टरच्या न्यायाधीश एमा आर्बथनॉट यांना फोटो पुरेसे वाटले नाहीत. त्यांनी व्हिडिओ मागितला. भर दुपारचा, दिवे न लावता, कोठडीत आपसूक किती उजेड येतो ते दिसलं पाहिजे.

तर बघा. उजेड सूर्यावरून निघाला. १५ कोटी किलोमीटर, पावणेआठ लाख वेळा मुंबई-पुणे, आणि तेही सव्वाआठ मिनिटांत. सात रस्त्यावर उतरला, गजांमधून आत आला, बारा नंबरच्या फरशीवर पडला. तिथून कॅमेऱ्यात शिरला आणि ७,२०० किलोमीटरवर लंडनला गेला. डिसेंबरात न्यायाधीशांनी तुरुंगाबद्दलचा आक्षेप फेटाळला. खोली ठीक होती, ऊन पोचत होतं.