बाप बेपत्ता, भाऊबंदांची कुजबुज

खंडाळ्यातल्या एखाद्या लेकीचे वडील घरातून गेले ते परतलेच नाहीत, आणि वाटणीच्या वेळी भाऊबंद म्हणू लागले, ‘ही त्यांची नव्हेच!’ तर? कायदा असल्या कुजबुजीला भीक घालत नाही, आणि ते बरंच आहे. वैध विवाहात जन्मलेलं मूल भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 116 नुसार नवऱ्याचंच. गर्भधारणेच्या काळात पती-पत्नीचा संबंध शक्यच नव्हता, हे आक्षेप घेणाऱ्याने सिद्ध करायचं. ऊठसूट डीएनए चाचणी नको, असं पुण्याच्याच एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बजावलं. बेपत्ता माणसाची 7 वर्षं खबरबात नसेल, तर कलम 111 नुसार तो हयात असल्याचं तसं म्हणणाऱ्याने दाखवायचं. मृत्यूची तारीख मात्र त्यातून ठरत नाही. म्हणून हरवल्याची नोंद पोलीस ठाण्यात लगेच करा आणि तिची प्रत जपून ठेवा.