आधी दवाखाना, मग प्रवाळ

निवृत्तीनंतर समुद्रकाठी जाऊन राहायचे, हे स्वप्न जुनेच आहे. त्यात आता नवी मंडळी आली आहेत: चाळिशीत स्कूबा डायव्हिंग शिकलेली, सुट्ट्यांत अंदमान-मालदीव करणारी आणि साठीनंतर पाण्याजवळच बिऱ्हाड हलवावे असे म्हणणारी. जागा शोधायला बसली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, तिथे पाण्याखाली काय दिसते? सुट्टीसाठी तो योग्यच आहे. कायमचे राहायला जाताना मात्र तो अगदी शेवटी विचारावा, असे माझे मत आहे. आधी पाहायचे ते असे: सत्तराव्या वर्षी, एखाद्या साध्या मंगळवारी, फारशी यातायात न करता पाण्यात उतरून सुखरूप बाहेर येता येईल का? आणि काही बिनसलेच, तर डॉक्टर किती लांब आहे?

राजा आम्पातचेच घ्या. इंडोनेशियाच्या पूर्व भागातला हा द्वीपसमूह सागरी जीवनाच्या श्रीमंतीत जगात अव्वल मानला जातो. केप क्री या तिथल्या ठिकाणी मत्स्यतज्ज्ञ जेराल्ड ॲलन यांनी २०१२ साली एकाच डाइव्हमध्ये माशांच्या ३७४ जाती मोजल्या. पण तिथे जायचे तर आधी सोराँगपर्यंत विमान, मग दोनेक तास बोट आणि पुढे बहुधा आणखी एक बोट. काही ठिकाणी प्रवाहाला इतकी ओढ असते की खडकात हूक अडकवून दोरीला धरून राहावे लागते. पंचेचाळिशीत यात थरार असतो. पंच्याहत्तरीत गुडघे आणि खांदे त्याचा हिशेब मागतात. याउलट बोनेअर. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेले हे छोटे बेट २०१० पासून नेदरलँड्सची विशेष नगरपालिका आहे आणि भोवतालचे पाणी १९७९ पासून सागरी उद्यान म्हणून राखलेले आहे. वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो आणि पाणी बहुतेक काळ शांत असते. किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर पिवळे रंगवलेले दगड दिसतात, त्यांवर डाइव्हच्या जागेचे नाव लिहिलेले असते. तिथे पिकअप लावायची, मागच्या फळीवर बसून सिलिंडर पाठीला चढवायचा, तुटक्या प्रवाळांच्या खड्यांवरून जपून चालत कमरेएवढ्या पाण्यात जायचे, तिथे फिन चढवायचे आणि थोडे पोहले की प्रवाळांचा उतार सुरू. बोट नाही, वेळापत्रक नाही. अंगात कणकण वाटली तर बेत उद्यावर ढकलायचा. (गाडीत किमती काही ठेवू नका आणि काचा उघड्याच ठेवा, असा सल्ला तिथे देतात. निदान काच फुटत नाही!) माशांच्या मोजणीत बोनेअर राजा आम्पातच्या जवळपासही येणार नाही. पण रोज वापरता येईल असा समुद्र म्हणतात तो हा.

दवाखान्याचा मुद्दा अनेकांना भित्रेपणाचा वाटतो. नियम पाळणाऱ्या डायव्हरला क्वचितच काही होते, मग त्यावरून गाव का ठरवायचे, असे ते म्हणतात. पहिला भाग खरा आहे. दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो, जास्तीचा नायट्रोजन रक्तात आणि पेशींत विरघळतो, आणि माणूस घाईने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. त्यावरचा रूढ उपचार म्हणजे दाबकक्षात १८ मीटर खोलीइतक्या दाबापासून सुरुवात करून, जवळपास ५ तास शुद्ध ऑक्सिजन देणे. अशी वेळ थोड्यांवरच येते. मात्र उतारवयात मोठी काळजी नायट्रोजनची नसून हृदयाची असते. पाण्यात शिरताच हातापायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, हृदयावरचा भार वाढतो. रक्तदाब असलेल्यांत फुप्फुसात पाणी भरण्याचा धोकाही जास्त असतो. शिवाय राहायला गेलेल्या माणसाला दवाखाना लागतो तो मोतीबिंदूसाठी, दाढेसाठी, आणि डायव्हिंग न करणाऱ्या जोडीदारासाठीही. दाबकक्षाबद्दल ‘आहे का’ एवढे विचारून भागत नाही. ‘चालू आहे का, आणि रात्री तो चालवणारा माणूस मिळतो का’ हे विचारावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: प्रवाळच टिकणार नसतील, तर तिथे जाऊन करायचे काय? फिलिपिन्समधील आपो बेटाचा इतिहास इथे बघण्यासारखा आहे. सिलिमन विद्यापीठाचे अँजेल अल्काला आणि गावकरी यांच्या प्रयत्नांतून १९८२ साली तिथे राखीव क्षेत्र झाले, मासे परतले, जगभर त्याचा दाखला दिला जाऊ लागला. मग २०११ आणि २०१२ च्या डिसेंबरमधल्या वादळांनी त्याच राखीव क्षेत्रातले प्रवाळ उद्ध्वस्त केले. बोनेअरमध्ये २०२३ साली प्रवाळांचा घातक रोग पोहोचला. त्याच वर्षी सुरू झालेल्या उष्णतेच्या लाटेत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला विरंजनाइतका, म्हणजे प्रवाळ पांढरे पडण्याइतका, ताप सोसावा लागला. हे सगळे मान्य करूनच मी म्हणतो की केवळ प्रवाळांच्या भरवशावर गाव निवडू नये आणि फंडाचे पैसे तिथल्या घरात अडकवू नयेत. आपोसमोरच्या दुमागेते शहरात अनेक परदेशी निवृत्त लोक राहतात, कारण तिथे विद्यापीठ आहे, रुग्णालये आहेत, विमानतळ आहे. शेजारच्या दाउइनच्या काळ्या ज्वालामुखी वाळूत फ्रॉगफिशसारखे चमत्कारिक जीव दिसतात, त्यांना प्रवाळांची भिंत लागत नाही. परदेशी माणसाला फिलिपिन्समध्ये जमीन विकत घेता येत नाही, पण फ्लॅट घेता येतो आणि ठेव ठेवून निवृत्तांसाठीचा खास व्हिसाही मिळतो. भारतीय पासपोर्टवर बोनेअरला स्थायिक होणे त्या मानाने अवघड आहे.

मग घरचा समुद्र? मालवण-तारकर्लीला येणारे बहुतेक पर्यटक प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जाऊन येतात. पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागतात आणि पाणी उघडायला ऑक्टोबर उजाडतो. अंदमानच्या स्वराज द्वीपला पाणी कितीतरी सरस. पण मोठे रुग्णालय श्रीविजयपुरमला, म्हणजे दीड-दोन तास बोटीने. यावर कोणी म्हणेल, त्यापेक्षा पुण्यातच राहावे आणि वर्षातून दोनदा डाइव्हला जावे. नातवंडे जवळ असलेल्यांसाठी हाच पर्याय चांगला, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. त्याची एक किंमत आहे: या छंदात सराव तुटला की चुका वाढतात, आणि सहा महिन्यांनी एकदा पाण्यात उतरणारा पासष्टीचा माणूस दर आठवड्याला उतरणाऱ्याइतका सावध राहत नाही. म्हणून मला मधला मार्ग पटतो. आपले घर ठेवावे आणि हंगामाचे चार-पाच महिने पाण्याजवळ भाड्याने राहावे. मालवणला, अंदमानला किंवा दुमागेतेला, ज्याची जशी ऐपत आणि हृदयरोगतज्ज्ञांची जशी परवानगी. तरीही कुठे कायमचेच जायचे असेल, तर आधी तिथला एक पावसाळा किंवा वादळांचा हंगाम भाड्याच्या घरात काढा, जोडीदाराला बरोबर न्या, आणि मगच विसार द्या.