‘मन मोठं पाहिजे, बस’: कुटुंब-समन्वयकाच्या कामाबद्दलचे गैरसमज

समाजकार्य शिकू पाहणाऱ्या मुलामुलींना घरातून, नातेवाइकांकडून एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: ‘‘या कामाला काय लागतं? मन मोठं पाहिजे, बस.’’ हेच वाक्य नोकरीच्या जाहिरातीत ‘सेवाभावी वृत्ती आवश्यक’ असं सजून येतं आणि त्याच्या खालच्या ओळीत मानधनाचा आकडा असतो. वरच्या ओळीमुळेच खालचा आकडा एवढा लहान राहतो, हे मात्र कुणी बोलत नाही.

आधी काम कोणतं ते पाहू. काही घरांत आजार, अपंगत्व, दारू, कर्ज आणि मुलांची सुटलेली शाळा हे सगळं एकाच वेळी नांदत असतं. अशा घरासाठी दवाखाना, तहसील कार्यालय, पंचायत समिती, शाळा आणि बँक यांचा मेळ घालून देणारं एक माणूस लागतं. सरकारी रुग्णालयात या कामासाठी ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद असतं, जिल्हा बाल संरक्षण कक्षात सामाजिक कार्यकर्ता असतो, संस्थांमध्ये केस वर्कर किंवा समन्वयक म्हणतात. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यात यातलं बरंचसं काम आशाताई, गटप्रवर्तक आणि संस्थांचे गावोगाव फिरणारे कार्यकर्ते करतात.

गैरसमज: मन मोठं असलं की हे काम कुणालाही जमतं

वस्तुस्थिती: जमत नाही. का जमत नाही, ते एक घर डोळ्यांसमोर आणून पाहू.

समजा, भामरागड तालुक्यातल्या एका टोल्यावरचं माडिया कुटुंब आहे. वडिलांना क्षयरोगाची औषधं चालू आहेत. नऊ वर्षांच्या मुलाचे हातपाय वरचेवर दुखतात, शाळेतली सिकलसेल चाचणी पॉझिटिव्ह आली आहे. पंधरा वर्षांच्या मुलीनं आश्रमशाळा सोडली आहे आणि तिच्या लग्नाचं बोलणं चाललं आहे. आजी विधवा आहे. कमावणारी एकटी आई.

मोठ्या मनाचा माणूस इथे काय करतो? एका दिवसात सगळे फॉर्म भरतो, पदरचे पैसे घालून झेरॉक्स काढतो, गाडीला पैसे देतो. दोन महिन्यांनी निम्मे अर्ज परत येतात. कारण वडिलांचं नाव आधारवर एक, पासबुकात दुसरं आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. माडिया नावं ज्याला जशी ऐकू आली तशी त्यानं लिहिली. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा 1000 रुपये मिळतात (नोव्हेंबर 2024 पूर्वी 500 मिळत), पण ते थेट बँक खात्यात जमा होतात. नावाचा मेळ बसला नाही की पैसे अडले. म्हणून शिकलेला समन्वयक पहिल्या दिवशी एकही फॉर्म भरत नाही. तो घरातले सगळे कागद चटईवर मांडतो, कोणत्या कागदावर कोणतं नाव आहे ते लिहून काढतो आणि आधी आधार दुरुस्त करायला पाठवतो. मग बँक, मग उत्पन्नाचा दाखला, मग आजीसाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. क्रम चुकला की सगळं मुसळ केरात.

आता मुलाचं पाहू. सिकलसेल 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांपैकी एक आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळू शकतं. पण शाळेत होते ती सोल्युबिलिटी चाचणी. ‘पॉझिटिव्ह’चा अर्थ एवढाच, की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीशिवाय ठरत नाही. वाहकाला प्रमाणपत्र मिळत नाही आणि बहुतेकदा त्याला औषधही लागत नाही. रुग्णाला मात्र हायड्रॉक्सीयुरिया, ठरलेल्या तारखांना रक्ततपासणी आणि भरपूर पाणी पिण्याची सवय, सगळंच लागतं. हा फरक ठाऊक नसलेला दयाळू माणूस चाचणीची चिठ्ठी घेऊन आईला भामरागडहून सुमारे 180 किलोमीटरवरच्या गडचिरोलीला नेतो आणि रिकाम्या हातानं परत आणतो. तिची दोन दिवसांची मजुरी बुडते. पुढच्या वेळी ती येत नाही. मग आपण म्हणायला मोकळे: ‘‘या लोकांना जाणीवच नाही.’’

तारीख देणं हेसुद्धा शिकण्याचंच काम आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं असतात. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. तो जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, पण वर्षातला सगळ्यात मोठा रोख पैसा त्यातूनच येतो. त्या दिवसांत पहाटे घरं रिकामी होतात. मेच्या मध्याला जिल्हा रुग्णालयाची तारीख घेणाऱ्याला इथलं कॅलेंडर कळलेलं नाही. पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुरानं भामरागडचा संपर्क वर्षानुवर्षं तुटत आला आहे, म्हणून औषधांचा साठा जूनच्या आधी घरात पोचलेला हवा. याची जबाबदारी कुणाच्याच कार्यालयाकडे नसते. ती समन्वयकाच्या वहीत असते.

आणि मुलगी. मन मोठं असलेला माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथे. तो दोन्ही घरांना समजावतो, ‘घरातल्या घरात’ मिटवतो आणि समाधानानं परततो. पण बालविवाह रोखण्याची कायदेशीर जबाबदारी गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर (पूर्वीचा ग्रामसेवक) आहे, आणि बालकांसाठीचा 1098 हा मदत क्रमांक त्यासाठीही आहे. चौकशीत लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली तर पोक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम 21 नुसार गुन्हा आहे. त्याच वेळी, बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार त्या मुलीची ओळख उघड करता येत नाही. म्हणजे कळवायचं कुणाला, लपवायचं कुणापासून आणि तिच्या आईशी कोणत्या शब्दांत बोलायचं, हे तिन्ही एकाच दुपारी ठरवावं लागतं. चांगुलपणा यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देत नाही.

‘‘हे सगळं पुस्तकी झालं, खेड्यातली साधी बाईसुद्धा हे काम करतेच की,’’ असं कुणी म्हणालं तर त्याला गडचिरोलीचाच दाखला द्यावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नव्वदच्या दशकात इथल्या 39 गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. ती काळजी घेणाऱ्या आरोग्यदूत म्हणजे पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच बायका. ‘लॅन्सेट’मध्ये डिसेंबर 1999 मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर हजारी 62 वरून 25 च्या आसपास आला. लोक हा आकडा सांगतात आणि लगेच म्हणतात, ‘‘बघा, डिग्री लागत नाही, तळमळ लागते.’’

पुढचं वाचतच नाहीत! त्या बायकांना बाळाचे श्वास मोजायला, वजन करायला, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायला आणि इंजेक्शन द्यायला टप्प्याटप्प्यानं शिकवलं होतं. प्रत्येक भेटीची नोंद होती. डॉक्टर दर पंधरवड्याला गावात जाऊन त्या नोंदी तपासत. चूक सापडली की पुन्हा प्रशिक्षण. त्या प्रयोगानं सिद्ध केलं ते हे, की कमी शिकलेली माणसंसुद्धा अवघड काम अचूक करतात, पण त्यांना नीट शिकवलं आणि त्यांच्या पाठीशी कुणी उभं राहिलं तरच. तळमळ शेजारच्या गावांतही होतीच.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेत 1980 च्या दशकापासून अशा कुटुंबांभोवती सेवांचं कडं उभारण्याची एक पद्धत रुजली. तिच्या मानकांनुसार एका समन्वयकाकडे साधारण दहाच कुटुंबं असावीत. इंग्लंडनं 2012 मध्ये ‘अडचणीतली कुटुंबं’ नावाचा मोठा कार्यक्रम काढला, प्रत्येक कुटुंबाला एक हक्काचा कार्यकर्ता दिला आणि यशाचे नगारे वाजवले. 2016 च्या स्वतंत्र मूल्यमापनाला पहिल्या टप्प्याचा ठोस परिणाम सापडला नाही. दुसऱ्या टप्प्याच्या मूल्यमापनात मात्र सरकारी देखभालीत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण सुमारे तिसऱ्या हिश्शानं घटलेलं दिसलं. नुसतं माणूस नेमून भागत नाही. त्याच्याकडे किती घरं आहेत, तो काय मोजतो आणि त्याचं काम कोण तपासतं, यावर सगळं ठरतं.

आता आपल्याकडे पाहा. आशाताईनं रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला 42 दिवसांत सहा वेळा घरी जाऊन पाहायचं आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर तिला केंद्राच्या दरानं मिळतात 250 रुपये. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. तरी मोबदला वाढावा म्हणून महाराष्ट्रातल्या आशांना 2023 आणि 2024 मध्ये संपावर जावं लागलं. ‘सेवा’ या नावाखाली काय काय खपतं, ते यात आलं.

गैरसमज: एमएसडब्ल्यू झालं की हे आपोआप येतं

वस्तुस्थिती: हा पहिल्या गैरसमजाचा उलटा भाऊ. समाजकार्याची ही पदव्युत्तर पदवी महत्त्वाची आहे. समाजसेवा अधीक्षकासारख्या पदांना ती लागतेच, आणि त्यासाठी आता नागपूर-मुंबईला जावं लागत नाही. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये झालं आणि गडचिरोली-चंद्रपुरातच समाजकार्याची महाविद्यालयं आहेत. पण पदवीतला कामाचा भाग म्हणजे क्षेत्रकार्य. ते नुसत्या सह्यांपुरतं उरकलं असेल तर प्रमाणपत्र भिंतीवर शोभतं, घरात शिरल्यावर काय बोलायचं ते सुचत नाही. भाषेचंही तसंच. भामरागड-एटापल्लीत माडिया, सिरोंच्यात तेलुगू, कोरचीत छत्तीसगढी, मुलचेऱ्यात बंगाली. ज्या तालुक्यात काम करायचं तिथली भाषा निदान ऐकून कळण्याइतकी यायला हवी. आईच्या आजाराबद्दल दुभाषी म्हणून तिच्याच बारा वर्षांच्या मुलीला पुढे करणं, याहून वाईट पद्धत नाही.

आणखी काही, थोडक्यात

*‘आदिवासी दवाखान्यात येतच नाहीत, पुजाऱ्याकडेच जातात.’* भामरागड तालुक्यातल्या हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प 1973 पासून चालू आहे आणि तिथे सीमेपलीकडच्या छत्तीसगडातूनही रुग्ण येतात. जिथे नीट वागवलं जातं, तिथे लोक येतात. आणि पुजाऱ्याशी भांडण्यापेक्षा त्याच्याशी बोलून ठेवणारा समन्वयक जास्त रुग्ण दवाखान्यात आणतो.

*‘सिकलसेल संसर्गजन्य आहे.’* मुळीच नाही. तो आईवडिलांकडून येतो. ताटातून, कपड्यातून किंवा शेजारी बसल्यानं नाही.

*‘कुटुंबासाठी सगळं आपणच करून द्यायचं.’* पहिल्यांदा बरोबर जा, दुसऱ्यांदा दारापर्यंत जा, तिसऱ्यांदा आईला एकटीला जाऊ द्या. तुमच्यावाचून त्यांचं अडत असेल, तर तुमचं काम अर्धवट आहे.

*‘हे बायकांचं काम.’* मग दारू पिणाऱ्या बापाशी बोलायचं कुणी? मुलांनो, तुमची गरज आहे.

*‘गावाशी बोलायची गरज नाही, घराशी बोललं की झालं.’* गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) सारख्या गावांत निर्णय ग्रामसभेत, सगळ्यांच्या सहमतीनं होतात. मात्र घराची खासगी अडचण ग्रामसभेत मांडायची नसते. एचआयव्हीसारखी माहिती संमतीशिवाय उघड करायला तर 2017 च्या कायद्यानं मनाई आहे.

*‘यात करिअर नाही.’* पदं आहेत: रुग्णालयं, बाल संरक्षण कक्ष, सखी वन स्टॉप सेंटर, मानसिक आरोग्य कार्यक्रम, क्षयरोग आणि सिकलसेल कार्यक्रम, स्वयंसेवी संस्था. बरीचशी कंत्राटी आहेत, हेही खरं; ते लपवून कुणाला या वाटेवर ओढू नये.

म्हणून या कामात येऊ पाहणाऱ्यांनी मुलाखतीला बसताना चार प्रश्न विचारावेत. माझ्याकडे किती कुटुंबं असतील? माझं काम कोण तपासेल आणि किती दिवसांनी? प्रवासखर्च मानधनातून की वेगळा? कायद्याचं आणि नोंदींचं प्रशिक्षण रुजू होण्याआधी मिळेल की ‘करता करता शिकाल’? उत्तरादाखल ‘‘सेवाभाव असला की सगळं जमतं’’ एवढंच ऐकू आलं, तर ती नोकरी सोडून द्या. नेमणूक करणाऱ्यांनाही एकच विनंती: जाहिरातीतून ‘सेवाभावी वृत्ती’ काढा आणि त्या जागी प्रशिक्षणाचे दिवस, कुटुंबांची कमाल संख्या आणि पगार लिहा.