काळ्या दगडाची साक्ष

चुंबक लोखंडाला स्पर्श न करता ओढतो, ही गोष्ट आपल्या आचार्यांच्या दृष्टीतून सुटलेली नव्हती. आठव्या शतकातील मानले जाणारे आचार्य अकलंकदेव यांनी 'तत्त्वार्थराजवार्तिक' या ग्रंथात डोळा हे इंद्रिय अप्राप्यकारी आहे, म्हणजे वस्तूला न भिडताच तिचे ज्ञान करून देते, असे प्रतिपादन केले आहे. तसे असेल तर डोळ्याला कितीही दूरचे दिसावयास हवे, असा आक्षेप येतो. त्यावर त्यांनी अयस्कांताचा, म्हणजे लोहचुंबकाचा, दाखला दिला. चुंबकही लोखंडाला न भिडता ओढतो. परंतु फार दूरचे लोखंड ओढत नाही.

चुंबकाचा प्रभाव जेथवर जाणवतो, त्या परिसराला आजचे विज्ञान चुंबकीय क्षेत्र म्हणते. चुंबकावर कागद ठेवून त्यावर लोखंडाचा कीस भुरभुरला आणि कागदाला हलकी टिचकी मारली, की कीस आपोआप वक्ररेषांत मांडला जातो. दोन्ही टोकांशी या रेषा दाट असतात. ही टोके म्हणजे उत्तर व दक्षिण ध्रुव. सजातीय ध्रुव एकमेकांना दूर लोटतात, विजातीय ओढतात. चुंबकाचे दोन तुकडे केले तरी प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव असतातच.

पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, असे विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० साली मांडले. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवरील वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांतून हे क्षेत्र निर्माण होते. साध्या घरगुती चुंबकापेक्षा ते फार दुर्बल. तरीही होकायंत्राची सुई त्याच्याच आज्ञेत असते.

या क्षेत्राची जुनी नोंद आपल्या वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यातील गाविलगड आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा हे गड ज्या डोंगरांवर उभे आहेत, तेथील काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे सूक्ष्म कण असतात. साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या वर हे खनिज आपले चुंबकत्व टिकवू शकत नाही. लाव्हा त्याखाली निवला, तेव्हा कणांनी त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली आणि आजवर सोडली नाही.

१९५० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे या संशोधकांनी दख्खनच्या अशा पाषाणांचे चुंबकत्व मोजले. खंड सरकतात, हे तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हते. चुंबकाची मोकळी सुई विषुववृत्ताजवळ आडवी राहते आणि ध्रुवांकडे जावे तशी अधिकाधिक कलते. म्हणून दगडातील कलावरून त्याचे मूळ अक्षांश काढता येते. दख्खनचा लाव्हा थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे ३० अंशांवर होती. आज अमरावती व अकोला उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहेत. शिवाय दख्खनच्या बहुतेक थरांतील दिशा आजच्या उलट आहे. त्या काळी होकायंत्राचे उत्तरेकडील टोक दक्षिणेकडे वळले असते.

सुटीत मुलांना घेऊन डोंगराकडील ओढ्यावर जावे आणि कोरड्या वाळूतून एक साधा चुंबक फिरवावा. त्याला चिकटून येणारे काळे कण याच पाषाणातून झिजून आलेले असतात.