सासूबाईंचं पापलेट आणि स्पॅनिशमधली शंका

वसईच्या होळी बाजारात पापलेट घेताना माझा प्रश्न ठरलेला असतो, "मावशी, ताजं आहे ना?" मावशी कल्ले उघडून दाखवते, "आजचंच हाय, बघ." घरी नवरा पिशवीत डोकावतो, "ताजं आहे असं वाटतंय." सासूबाई नाक मुरडतात, "ताजं असेलसं वाटत नाही."

मुलगी बार्सिलोनाला गेली म्हणून पन्नाशीत मी स्पॅनिश शिकायला बसले, आणि ही तीन वाक्यं कामाला आली.

मावशीचं वाक्य: एल पेस्कादो एस्ता फ्रेस्को. नवऱ्याचं: क्रेओ के एस्ता फ्रेस्को. त्याचा विश्वास आहे, म्हणून क्रियापद जसंच्या तसं. सासूबाईंचं मात्र: नो क्रेओ के एस्ते फ्रेस्को. 'एस्ता'चं 'एस्ते' झालं. या रूपाला सुबखुंतीवो म्हणतात. मासा ताजा असल्याची हमी मी घेत नाही, एवढंच ते सांगतं. काही क्रियापदांत उलटी गंमत, 'ए'चा 'आ' होतो: कोमे म्हणजे खातो, दूदो के कोमा म्हणजे तो खातो की नाही, शंकाच आहे.

वर्षभर मी चुकत राहिले. लिहायची, नो क्रेओ के एस्तारा. एस्तारा हा भविष्यकाळ. खोड मराठीची! आपण "बाबा घरी असतील" म्हणतो ते उद्याचं नव्हे, आत्ताचंच. स्पॅनिशमध्येही नुसतं 'एस्तारा एन कासा' म्हटलं तर 'घरी असेल' असाच अंदाज होतो. पण आत्ताच्या गोष्टीआधी 'नो क्रेओ के' आलं की तिथे एस्तेच हवं. मग मी आपल्या विध्यर्थाचा आधार घेतला, 'असावं'चा. तोही फसवा निघाला. दारात चपला दिसल्या की आपण म्हणतो, "घरी असावेत." त्यात शंका कमी, तर्क जास्त.

पोर्तुगीजमध्येही शंकेसाठी क्रियापद असंच बदलतं. 1534 ते 1739, दोनशे पाच वर्षं वसई पोर्तुगिजांकडे होती. त्यांच्या भाषेतून मराठीत चावी, पगार, पाव, बटाटा आले. नामं आली, क्रियापदाची ही लकब काही आली नाही.

पापलेट तळलं. सासूबाईंनी दुसरा तुकडा मागून घेतला. मी वहीत लिहिलं: एस्ताबा फ्रेस्को. ताजं होतं.